तेविसाव्या मजल्यावरची राखण

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तेविसाव्या मजल्यावरून खाली फोन आला, की घरात एक अनोळखी म्हातारी बसली आहे. फोनवर बसणारी मुलगी चहाला गेली होती, म्हणून तो सुपरवायझरनंच घेतला. ती या इमारतीची हाउसकीपिंग सुपरवायझर. असा फोन आला तर काय बोलायचं हे नव्या मुलींना तीच शिकवत असे. "मॅडम, तुम्ही बाहेर पॅसेजमध्येच थांबा, आमची माणसं येताहेत," एवढं बोलून तिनं दोन गार्ड वर पाठवले आणि दुसऱ्या लिफ्टनं स्वतःही गेली. वर दार सताड उघडं होतं. पोहण्याच्या तलावावरून आलेली घरमालकीण अंगाभोवती टॉवेल गुंडाळून पॅसेजमध्ये उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं. आणि दाराच्या जेमतेम आत, भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून सुपरवायझरची स्वतःची आई बसली होती. आई त्या बाईला सांगत होती, "दूध ठेवून पोहायला जातात का गं? भांडं करपलं ते करपलं, मी आले नसते तर घर पेटलं असतं. आणि दार उघडं टाकून. कुणी काही उचलून नेलं असतं म्हणजे?" मग तिला गार्ड दिसले, गार्डांच्या मागे मुलगी दिसली. आई बोलायची थांबली. एजन्सीकडून परवाच आलेला गार्ड म्हणाला, "आजी, कोण तुम्ही? कुणाकडे आलात?" आईनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे. "कुणाकडे नाही," ती म्हणाली. "चुकून आले." गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि त्या दोघा गार्डांच्या मधोमध चालू लागली, जणू तिची जागा ठरलेलीच होती.

गार्डानं खालचं बटण दाबलं. सामानाची लिफ्ट, आतून पुठ्ठे लावलेले, कारण फर्निचर नेताना स्टीलवर ओरखडे उठतात. मायलेकी शेजारी उभ्या होत्या आणि तिला आईच्या हातांचा करपलेल्या दुधाचा वास येत होता. आईच्या मुठीत लेकीचा चष्मा होता, दुपारी खोलीत विसरलेला. म्हणजे आई तो द्यायला वर गेली होती. आज तेविसावा मजला आहे, हे तिनंच आईला जेवताना सांगितलं होतं. मजल्यांच्या पाळ्या होत्या. इमारतीतली निम्म्याहून जास्त घरं रिकामी होती, म्हणजे विकली गेलेली, पण कुणी राहत नसलेली. प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा जाऊन सगळे नळ सोडावे लागत, सगळे कमोड फ्लश करावे लागत. पाणी वाहिलं नाही तर बाथरूमच्या जाळीखालच्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास घरात चढतो. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली होती. "कुणी राहत नाही तर पाणी कुणासाठी सोडतेस?" "वास येऊ नये म्हणून." "माणूस नसलं की वास येणारच गं घराला. त्याला नळ काय करणार." मजल्याच्या कोपऱ्यातली रिकामी घरं आटपून लेक दुसऱ्या लिफ्टनं खाली आली होती आणि त्याच सुमारास आई वर पोचली होती. पॅसेजमध्ये लेक दिसली नाही, एक दार उघडं दिसलं, आत दूध करपत होतं. यापुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ओळीत वाढलेल्या कुणालाही नसती.

ओळ म्हणजे साबणाच्या कारखान्याच्या कामगारांची घरं. समोरासमोर दोन रांगा, मध्ये चार माणसं शेजारी चालतील एवढी फरसबंद वाट, पण सगळे तिला एकवचनातच म्हणत, ओळ. ओळीत दारं सकाळी उघडत ती रात्री झोपायच्या वेळीच लागत. पहिल्या घराच्या दारात उभं राहिलं की तिरक्या उन्हात समोरच्या सगळ्या घरांच्या फरशा एकापुढे एक चमकताना दिसत, प्रत्येक फरशीवर कुणाचे तरी पाय, कुणाची तरी उलटी पडलेली बादली. बाया बाजारात, दवाखान्यात, नळावर जात, तेव्हाही दार तसंच. घरात कुणी नाही आणि दार उघडं आहे, असं ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं तिथं राखण बसायचं. हा रिवाज कुणी घालून दिला ते कुणाला माहीत नव्हतं. दाराच्या आत, पण दारापाशीच बसायचं, पुढं जायचं नाही. विस्तव आणि पाणी सोडून कशाला हात लावायचा नाही. घरमालक आल्याशिवाय उठायचं नाही. आणि तो आला की त्याला मनसोक्त बोल लावायचे, तो राखण बसणाऱ्याचा हक्क. त्यात कुणी काटकसर करत नसे. घड्याळवाल्या काकू, ओळीतलं पहिलं भिंतीवरचं घड्याळ ज्यांच्याकडे होतं त्या, तर राखण बसल्या की घरमालकाच्या सात पिढ्या धुऊन काढत आणि मग त्याच घरात चहा पिऊन जात. आईनं तेविसाव्या मजल्यावर आपला हक्क वसूल केला होता. फक्त चहा राहिला.

पण लिफ्टमधून खाली येताना लेकीच्या डोळ्यांपुढे तो वर्तुळाचा डाग होता. त्या घरातली शेगडी नुसती काच; बटण नाही, चावी नाही, बोट कुठं टेकवायचं ते माहीत असावं लागतं. आईला माहीत नव्हतं. तिनं पदरानं भांडं उचललं आणि ओळीत ठेवलं असतं तसं खाली जमिनीवर ठेवलं. जमीन लाकडाची होती, फिकट रंगाची, पायाला ऊबदार लागणारी. ते लाकूड बसवायला परदेशातून दोन माणसं आली होती आणि त्यांच्यासाठी मोजे लेकीनं स्वतः आणून दिले होते, कारण ते बूट घालून आत जायला तयार नव्हते. त्या लाकडावर आता एक तपकिरी गोल उमटला होता, भांड्याच्या बुडाएवढा, अगदी रेखीव.

खाली, गाड्यांच्या मजल्याच्याही खाली, पंपाच्या खोलीशेजारी तिची खोली होती. रात्री-अपरात्री हाताशी माणूस हवं म्हणून सुपरवायझरला दिलेली, एका माणसासाठी. आई दीड वर्षापूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. मॅनेजरनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खोलीला खिडकी नव्हती, छताजवळ एक जाळी होती, पण दार होतं. आगीसाठी केलेलं जड लोखंडी दार, आपोआप लागणारं. हात सोडला की ते आधी सावकाश, मग शेवटच्या वितीला अलगद, श्वास टाकल्यासारखा आवाज करून मिटतं. ही खोली पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा हा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता, इतकं तिला ते आवडलं होतं. आई आल्यापासून त्या दाराच्या फटीत दिवसभर दुमडलेली चप्पल असायची. "कोंडल्यासारखं होतं गं." "आई, नियम आहे, हे दार लागलेलंच हवं." "मग दार कशाला केलं, भिंतच घालायची होती."

ती आईला खोलीत सोडून निघाली. आईनं चष्मा तिच्या हातात दिला. "घे. एवढ्यासाठीच गेले होते."

ती तेराची होती तेव्हा एका दुपारी तिनं ओळीतल्या घराचं दार लावून घेतलं होतं. कारण काही नव्हतं. आई कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होती, दादा उंडारायला, वडील कारखान्यात. तिला फक्त पाहायचं होतं, की कुणी बघत नसताना आपण कशा असतो. दार लावलं, कडी घातली, फरशीवर उताणी पडली. अंधार झाला होता, कौलाच्या काचेतून एक उजेडाचा चौकोन पोटावर पडला होता. बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. तिला वाटलं आपल्याला कडा आहेत. इथे आपण संपतो आणि इथून पुढे हवा सुरू होते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं तर समोर सगळी ओळ उभी. पुरुषांनी हातातली कामं टाकलेली, बायांनी तोंडाला पदर लावलेले, चपला वाटेपलीकडे काढून ठेवलेल्या. दिवसा दार लागलं की ओळीत त्याचा एकच अर्थ निघे. तेवढ्यात वाटेच्या टोकाकडून वडील पळत आले, कोपरापर्यंत साबणाचा भुगा लागलेले, कारखान्याचा ॲप्रन तसाच. काकूंनी पोर पाठवून त्यांना बोलावून घेतलं होतं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. ती दारात उभी, जिवंत. त्या दिवशी कुणी हसलं नाही. नंतर वर्षानुवर्षं हसले. दादा अजूनही तिच्या वाढदिवसाला फोन करून म्हणतो, "बोला सायबीणबाई, मेल्याला किती वर्षं झाली?" वडिलांनी मात्र रात्री तिला जवळ बसवून विचारलं होतं, "आत काय करत होतीस?" "काही नाही." "नुसती पडली होतीस?" "हो." मग ते म्हणाले, "बरं वाटलं का?" त्यांच्या हाताला साबणाचा उग्र वास यायचा, कितीही धुतले तरी. एवढ्या साबणात असलेल्या माणसाला हात धुवायला साबण लागतो, यावर ओळीत रोज कुणीतरी विनोद करी. पाच वर्षांनी त्याच दाराआड ते गेले, तेव्हा दार लागलं आणि ओळ बाहेर तशीच उभी राहिली, आणि तिला आठवतं, तिच्या मनात आधी हेच आलं, की या वेळी आपण उघडलं तर कुणाला हायसं वाटणार नाही.

पुढे कारखाना बंद पडला. माणसं एकेक करून नुकसानभरपाईचे चेक घेऊन निघाली आणि ओळीला कुलूप ही वस्तू पहिल्यांदा दिसली. आधी एका घराला, मग शेजारच्या दोघांना. संध्याकाळी पहिल्या दारात उभं राहिलं की फरशांची रांग तुटक दिसायची, मधली मधली गाळलेली. काकू शेवटी शेवटी कुलूप लावलेल्या घरांपुढेही जाऊन बसत. "उघडं नाहीये काकू, राखण कसली करताय?" दादा विचारी. "पाय दुखतात, म्हणून बसले," त्या म्हणत. आता तिथे नव्या बांधकामाचे पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर हसणारी माणसं छापलीत. बसमधून जाताना ती तिकडे पाहत नाही असं नाही. पाहते. पण तिला तिथे नक्की काय हवंय ते तिला सांगता आलं नसतं. ओळीत तिला गुदमरायला व्हायचं. कोण किती शिकतंय, कुणाच्या ताटात काय पडलंय, कुणाच्या नवऱ्याचा आवाज चढलाय, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि या इमारतीत, रिकाम्या घरांत नळ सोडून ती खिडकीपाशी उभी राही, मागे दार आपसूक मिटलेलं, सोफ्यांवर अजून प्लॅस्टिक, सगळीकडे पाण्याचा एकसारखा आवाज. तेव्हा तिला तेराव्या वर्षीच्या त्या दुपारसारखं वाटायचं, आपल्याला पुन्हा कडा आल्यासारखं. इतकी शांतता विकत घेऊन लोक ती वापरत नव्हते. आठवड्यातून दहा मिनिटं ती वापरत होती. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, तिला पाय दुखतात म्हणून बसलेल्या काकू आठवत.

मॅनेजर केबिनमध्ये तिची वाट पाहत होता. वाईट माणूस नव्हता. कुणी मोठ्यानं बोललं की चष्मा काढून पुसायची सवय होती त्याला, आणि आता तो चष्मा पुसत होता.

"ताई, बसा. गार्ड म्हणाला आजी कुणाच्या नाहीत. कॅमेऱ्यात दिसतंय, आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. चोर असता तर निदान पळाला असता, काय लिहायचं ते तरी कळलं असतं." तिच्या तोंडाकडे पाहून तो थांबला. "त्या तुमच्या आई आहेत हे मला माहीत आहे. मॅडमना माहीत नाही. ऑफिस बंद होईपर्यंत त्या तक्रार देतील. तोवर माझं ऐकता का?"

"सांगा."

"बदली कामगार होती म्हणू. आजच आली होती, मजला चुकली. एजन्सीला कळवून उद्यापासून बंद केली. जमिनीचं इन्शुरन्स बघेल. विषय संपला. तुमची नोकरी राहील, खोली राहील."

"आणि आई?"

"आईंना काही दिवस तुमच्या भावाकडे पाठवा."

काही दिवस, हे मॅनेजर नेहमी कशासाठी म्हणतो ते तिला ठाऊक होतं. तलावाशेजारची माळ्यांची बसायची जागा काही दिवसांसाठी हलवली होती, त्याला तीन वर्षं झाली. "आणि खरं सांगितलं तर?" तिनं विचारलं.

"तर मग एका माणसाच्या खोलीत दोन माणसं राहतात, हेही सांगितल्यासारखं होतं. मग माझ्या हातात काही राहत नाही. तुमच्याही नाही." त्यानं चष्मा लावला. "रागावू नका ताई. मीही भाड्यानंच राहतो."

बाहेर येऊन तिनं दादाला फोन लावला. दादा शहराबाहेरच्या एका खोलीत बायको आणि दोन पोरांसह राहत होता. ओळीच्या चेकमधून तेवढंच आलं होतं. सगळं ऐकून तो आधी हसला. "आई राखण बसली? तिथं? आणि त्या बाईला झापलंसुद्धा?" मग त्याचं हसू आटलं. "इथं आणून ठेव म्हणतेस, पण कुठं ठेवू? पोरं पलंगाखाली झोपतात. ठेवीन गं, आई आहे. पण ती इथं दुपारभर दार बंद करून बसेल का? या चाळीत दार उघडं ठेवलं की दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी जाते."

"दादा, बदली बाई होती म्हणू का?"

दादानं उलट विचारलं, "आईला विचारलंस?"

"तिनंच आधी सांगितलं, कुणी नाही म्हणून."

"ती सांगेलच," दादा म्हणाला. "तू काय सांगतेस ते विचारतोय."

ती परत आली तेव्हा काउंटरवरचा फोन वाजत होता. फोनवरची मुलगी चहाहून परतली होती, तिनं फोन उचलला, ऐकलं आणि हातानं रिसीव्हर झाकून म्हणाली, "तेवीस. तुम्हालाच मागताहेत." मॅनेजर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं हाताचा पंजा खाली दाबून दाखवला, सावकाश, सावकाश.

"मघाशी त्या बाई होत्या," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यातून काहीच कळत नव्हतं. "त्या कोण?"

वाक्य तयार होतं. बदलीवर आलेल्या होत्या, मॅडम. तोंडात त्याचा आकारही झाला होता. तिला आईचं मघाचं उठणं आठवलं, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तिच्या छातीवरच्या पट्टीकडे गेलेली ती नजर. "माझी आई आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे राहते. खाली, माझ्या खोलीत."

मॅनेजर केबिनमध्ये परत गेला.

"खाली खोल्या आहेत?" बाईंनी विचारलं. त्या तीन वर्षं इथे राहत होत्या.

"एक आहे. पंपाशेजारी."

पलीकडे शांतता होती, त्या घरांमधली ती दाट शांतता, जी तिला पाठ होती. "त्यांना वर पाठवा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, जमिनीबद्दल मी स्वतः येऊन..."

"तुम्ही नको. त्यांना पाठवा."

खाली आई पलंगावर बसली होती, कपड्यांची पिशवी भरून शेजारी ठेवलेली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं निरोप ऐकला आणि आरशाच्या तुकड्यासमोर उभी राहून केस चापून बसवले. "रागावलीय का?"

"कळलं नाही."

"मी काही चुकीचं केलं नाही. भांडं खाली ठेवलं, बसले. शेगडी सोडून आत पाऊलसुद्धा टाकलं नाही पुढे."

"कुणी नाही असं का म्हणालीस गं?"

आईनं पदर नीट केला. "तुझं नाव होतं ना तिथं, पट्टीवर. चांगलं दिसत होतं. म्हटलं राहू दे." आणि मग, दारातून बाहेर पडता पडता, "बोलेल चार शब्द, बोलू दे. मीही कुठं कमी बोलले."

सामानाच्या लिफ्टपाशी नवा गार्ड उभा होता. तिनं आईचा हात धरून तिला पलीकडे नेलं, रहिवाशांच्या लिफ्टपाशी, जिच्यात आरसा आहे आणि बसायला मऊ बाक. तिनं तेविसाचं बटण दाबलं आणि बाहेर आली. दार मिटताना आई आरशात न पाहता सरळ समोर पाहत होती, बाकावर न बसता.

मॅनेजरनं सातला ऑफिस बंद केलं. तोवर तक्रार आलेली नव्हती, आणि येणार नाही असंही कुणी कळवलेलं नव्हतं. दादाचा फोन दोनदा येऊन गेला. तिनं घेतला नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. मॅनेजर जाताना म्हणाला की खोलीचं उद्या बघू. आई अजून वर आहे.